टायरवरचा बाण

सुदर्शनदादाच्या लांबच्या प्रवासाच्या बाईकला नवा मागचा टायर बसला होता. आता आणे घाटात चक्कर, आणि मला लई जायचं होतं!

"मला पण ने ना," मी म्हटलं.

"श्रेया, तू पूजा कर. टायरमधलं तुला काय कळतंय?"

टायरला कुंकू लावताना बोटाखाली फिरायची दिशा दाखवणारा बाण लागला. डबल स्टँडवरचं चाक पुढे फिरवलं, तर बाण उलटा पळत होता. दादा निघू नये म्हणून मी लगेच चाकाखालचं पूजेचं लिंबू काढून घेतलं.

"टायर उलटा बसवलाय राव! घरच्या ट्रॅक्टरच्या टायरचा बाण बघतोस, ह्याचा न्हाई?"

दादाने वाकून बघितलं. "आयला, ओल्या घाटात घसरलो असतो की!"

टायर सुलटा करून आल्यावर त्याने दुसरं हेल्मेट माझ्या डोक्यात घातलं. "बसा मेस्त्री!"

मी लिंबू परत चाकाखाली ठेवलं आणि टुणकन मागे बसले.