घेवड्याचे मारेकरी

घड्याळजींचा राग म्हणजे उशिरा तापणारा तवा. पण तापला की कुणी जवळ जायची सोय नाही. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करताना ज्या माणसाचा आवाज चढला नाही, तो आता परसात उभा राहून ओरडत होता, "एकालाही सोडणार नाही! निर्वंश करीन मेल्यांचा!"

कारणही तसंच होतं. बायकोनं जाताना एवढंच मागितलं होतं, "माझ्या घेवड्याचं बी मोडू देऊ नका." जांभळ्या ठिपक्यांच्या दाण्याचा तो घेवडा आता दुसऱ्या कुणाकडेच उरला नव्हता. तिच्या आजारपणात दोन वर्षं लावणीच झाली नाही. डब्यात तेरा दाणे निघाले, घड्याळजींनी सगळे पेरले, त्यातले पाच उगवले. वेल मांडवावर चढले, कळ्या धरल्या, आणि नेमका मावा पडला, ती रस शोषणारी बारीक कीड. कोवळ्या शेंड्यांवर नुसता काळा, चिकट थर!

"तिनं जन्मभर जपलं ते तुमच्या नरड्यात घालायला का रे?" असं ते वेलावरच्या माव्याला विचारत असताना शेजारच्या सुनेनं पाहिलं आणि बिचारी वाळत घालायचे कपडे तसेच घेऊन आत गेली.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, हातात चिमटा घेतला. मावा बघितला तर मऊ, मेंगळट, जागचा हलेना. असल्या जिवांच्यात एवढी धमक कुठली? घड्याळ बंद पडलं की जो भाग वेगळा दिसेल त्याला आधी धरायचा, ही धंद्यातली सवय. इथंही एकजण वेगळा दिसलाच. माव्याच्या प्रत्येक थव्यात एक लांबट, काटेरी, काळा-नारिंगी किडा मालकासारखा फिरत होता.

"सापडला म्होरक्या!" घड्याळजी म्हणाले.

मग काय विचारता! आठ दिवस हाच उद्योग. एकेकाला चिमट्यात धरायचं, तोंडभर शिव्या द्यायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायचं. लवकर बुडून मरू नयेत म्हणून पाणी मुद्दाम कमी घातलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बासष्ट झाले. बायको गेल्यापासून इतकी गाढ झोप त्यांना लागली नव्हती.

नवव्या दिवशी मावा दुप्पट झाला आणि दोन वेलांनी मान टाकली.

त्याच दिवशी मेहुणी आली, बायकोची धाकटी बहीण. घड्याळजींनी मोठ्या ऐटीत तिच्यापुढे बाटली धरली. तिनं ती उजेडात नेऊन निरखून पाहिली.

"भाऊजी, काय केलंत हे! ही ढालकिड्याची पिल्लं. तो लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा नाही का, त्याची. ती मावा खातात. ताई दुसऱ्या झाडांवरून वेचून वेचून त्यांना घेवड्यावर आणून सोडायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी परसात आला होतात?"

इतके दिवस किड्यांवर काढलेला राग आता घड्याळजींच्या स्वतःवरच उलटला. दुसऱ्या दिवसापासून उजाडलं की ते वेलाखाली बसत आणि ओल्या फडक्यानं एकेका पानावरचा मावा पुसत. मान धरली, डोळे सुजले. मेहुणी म्हणाली, "पुरे हो, जीव द्याल का आता?"

"बासष्ट मारलेत मी. त्यांचं काम कोण करणार, तू?" ते तिच्यावरच खेकसले.

चार वेल गेलेच. पाचव्याला एक शेंग धरली. ती वेलावरच वाळू दिली आणि मेहुणीसमोर सोलली. आत तीन दाणे होते, जांभळ्या ठिपक्यांचे. घड्याळजींनी तिन्ही तिच्या हातावर ठेवले.

"अहो, एक तरी ठेवा. ताईनं तुम्हाला सांगितलं होतं."

"म्हणून तर देतोय. तुझ्या परसात लाव. उगवले की मला बघायला बोलव," ते म्हणाले आणि शेंगेचं रिकामं टरफल उगीच हातात चुरत राहिले. "मला हात मात्र लावू देऊ नकोस."