पट्टीखालची ओळ

बाईंनी फळ्यावरच्या लांबलचक शब्दाला मधोमध उभी रेघ मारली आणि खडू तिसऱ्या बाकावरच्या मुलीवर रोखला.

"तोड."

ती उभी राहिली. शब्द होता हिपॅटोमेगॅली. रेघेच्या उजवीकडचा भाग तिला कसाबसा आठवला.

"मेगॅली म्हणजे मोठं होणं."

"काय मोठं होणं? तुझं डोकं?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंनी कोणालाही गप्प केलं नाही. तीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढून त्या या नर्सिंग कॉलेजात शिकवायला आल्या होत्या, आणि वॉर्डातला आवाज तेवढा सोबत घेऊन आल्या होत्या. शब्दांचे तुकडे पाडतात म्हणून पहिल्या वर्षाच्या मुली त्यांना 'कात्री' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसावं.

"हिपॅटो म्हणजे यकृत. दहाव्यांदा सांगतेय. ब्रॅडीकार्डिया?"

हृदयाचा शब्द. तो तिला येत नव्हता.

"पेरिटोनायटिस?"

"पेरिटोनियम म्हणजे पोटाच्या आतलं अस्तर, आयटिस म्हणजे दाह. पोटाच्या अस्तराचा दाह." एका दमात.

"सेप्टिसीमिया?"

"रक्तात विष भिनणं."

बाई दोन पावलं पुढे आल्या. "सात महिने झाले. हिला पोट तोंडपाठ आहे, बाकीचं शरीर हिच्या गावीच नाही. तू शिकत नाहीयेस, तू काहीतरी शोधतेयस. कोणाचा तरी कागद आहे तुझ्याकडे."

तिने मान वर केली नाही. वर्गात तिला 'पोटदुखी' म्हणत, तेही तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. पण बाईंनी नेमकं बोट ठेवलेलं पाहून तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"उद्या प्रत्येकीने घरातल्या कोणाचाही एक जुना केसपेपर आणायचा. नावावर कागदाची पट्टी चिकटवायची. नाव दिसलं की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की तुम्ही वाचायचं सोडून डोळे पुसत बसता. पहिली तू. अडलीस, तर तोंडीला शून्य. मग हेच वर्ष पुन्हा माझ्याच हाताखाली काढायचं."

संध्याकाळी तिने कपाटातून आईची फाइल काढली. नऊ वर्षांची असल्यापासून ती ही फाइल पाहत आली होती आणि तेव्हापासून तिला ती वाचायची होती. आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. त्या दिवसातलं तिला फारसं आठवत नसे. एक उंच स्टूल आठवे, त्यावर बसल्यावर पाय जमिनीला न लागणं आठवे, आणि समोरचा डॉक्टर मोठ्या माणसाशी बोलावं तसा तिच्याशी बोलत होता, एवढंच. बाकी सगळं मावशीने भरलं. "आठ दिवस तळमळत होती गं माझी बहीण," मावशी दर भेटीत म्हणे, "आणि तुझ्या बापाने ढुंकून पाहिलं नाही." हे आठ दिवस मावशीने कुठून मोजले, हे तिने कधी विचारलं नाही. वडिलांशी मात्र ती तेव्हापासून कामापुरतंच बोलत आली. बारावीनंतर तिने हे कॉलेज निवडलं ते रोग्यांच्या सेवेसाठी वगैरे मुळीच नाही. कागदात आठ दिवस लिहिलेले असतील, तर ते त्यांच्या तोंडावर वाचून दाखवायचे होते.

वडील मोरीत हात धूत होते. लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या नखांतलं तेल साबणाने निघत नाही, तरी ते रोज तितकाच वेळ घासत. तिने फाइल टेबलावर आपटली.

"आठ दिवस पोटात दुखत होतं. चार दिवस ताप. अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. लिहिलंय यात."

त्यांनी नळ बंद केला.

"बारा अवघड शब्द होते. बाराच्या बारा तोडले मी. त्याच घरात झोपत होतात ना तुम्ही?"

"दोन पाळ्या करत होतो. झोपायलाच यायचो."

"म्हणजे दिसलं नाही."

"नाही दिसलं." ते पंच्याला हात पुसत राहिले. "तो कागद तेव्हा डॉक्टरांनी मला वाचून दाखवला होता. सगळा."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"घेतलं."

तिला वाटलं होतं ते ओरडतील, निदान मावशीचा उद्धार करतील. दहा वर्षं तिने या भांडणाची तयारी केली होती, आणि हा माणूस पंच्याची घडी घालत होता. तिचा संताप आणखीच चढला.

"उद्या हाच कागद वाचणार आहे मी वर्गात."

आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तो नको नेऊस. माझे नेत्रतपासणीचे कागद आहेत, ते ने."

"का? भीती वाटते?"

"हो."

कशाची, हे तिने विचारलं नाही. वहीचं पान फाडून तिने चांगली रुंद पट्टी कापली. आईच्या नावाबरोबर खालच्या ओळीतलं वडिलांचं नावही झाकायचं होतं. ते नाव आपल्या हातात मिरवत वर्गात जाण्याची तिची इच्छा नव्हती. पट्टीखाली आणखी एक ओळ गेली. त्या ओळीत रोग नव्हता, अवघड शब्द नव्हता. आजवर ती कागद 'तक्रारी' या शब्दापासूनच वाचत आली होती.

दुसऱ्या दिवशी ती फळ्यासमोर उभी राहिली आणि कुठेही अडली नाही. आठ दिवसांपासून पोटात दुखणं, सुरुवातीला बेंबीभोवती, मग उजवीकडे खाली. पाच दिवस उलट्या. चार दिवस ताप. आणताना रोगी गुंगीत, विचारल्यास उत्तर देत नाही. पोट फळीसारखं कडक. प्रत्येक शब्द ती तोडत गेली, आणि तोडताना तिच्या आवाजाला अशी धार चढत गेली की पुढच्या बाकावरच्या मुलीने लिहायचं थांबवलं.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"हे सगळं सांगतंय कोण?"

"कागद."

"कागदाला तोंड नसतं. बाई गुंगीत होती, तूच वाचलंस. मग आधी बेंबीभोवती दुखत होतं, नंतर उजवीकडे, हे डॉक्टरला स्वप्नात कळलं?"

"घरच्यांनी सांगितलं असेल."

"असेल नाही. कागद नेहमी वरून वाचायचा. कोणी सांगितलं, रोग्याचं कोण लागतं आणि त्याच्या सांगण्यावर किती विसंबायचं, हे सगळ्यात आधी लिहिलेलं असतं. आठ दिवस दुखतंय असं सांगणारा माणूस आठ दिवस तिच्याजवळ असतो. त्याला सगळं ठाऊक असतं. तुझ्या पट्टीखाली गेलाय तो. काढ."

तिच्या मनात एकदम उजेड पडला. म्हणजे वडिलांना ठाऊक होतं. नाही दिसलं म्हणाले, आणि डॉक्टरसमोर दिवस मोजून सांगितले. म्हणूनच कागद नेऊ नको म्हणत होते. तिने पट्टीच्या कडेत नख घातलं आणि ती हळूहळू, चवीने सोलत गेली. आईचं नाव आलं. वडिलांचं नाव आलं. त्याच्यापुढे कंसात लिहिलं होतं, कामावर, निरोप धाडला आहे. मग तिसरी ओळ आली.

"वाच. मोठ्याने."

"माहिती देणारी," ती म्हणाली, आणि थांबली.

"अडलीस?"

"पेशंटची मुलगी. वय नऊ."

स्टूल उंच होतं. डॉक्टरने विचारलं, किती दिवस गं? आणि तिने बोटांवर मोजून सांगितलं होतं. शाळेतून आल्यावर आई रोज पोटाशी उशी धरून पडलेली असायची. बाबा दारात आले की उठून बसायची. बाबांना बोलू नकोस हं, उगाच खाडा करतील, म्हणायची. ती बोलली नव्हती. पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, ताप चढला तेव्हाही नाही. शेवटी शेजारच्या काकूंनी आईला रिक्षात घातलं आणि तिला सोबत घेतलं. डॉक्टरने सगळं नीट विचारलं, तिने सगळं नीट सांगितलं, आणि त्याने तिला शाबास म्हटलं होतं.

सगळा वाचून दाखवला, म्हणाले होते वडील. ऐकून घेतलं, म्हणाले होते.

"ओळ संपली नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज होता तेवढाच होता. "पुढे एक शब्द असतो."

"आहे."

"मग तोड."

"तुटत नाही, मॅडम. सोपा आहे."

"मग नुसता वाच."

तिने कागद डोळ्यांजवळ नेला. अक्षर तर चांगलं सुवाच्य होतं.

"भरवशाची."