घोडीएवढी

मनिषानं संस्कृतीला बाबागाडीत बसवलं आणि पट्टा लावायला गेली, तर पट्ट्याचं टोक पलीकडच्या चापापर्यंत पोचेना. पट्टा तान्ह्या लेकराच्या मापाचा होता आणि पोर आठ वर्षांची. मनिषानं तो ओढून ओढून सैल केला, चाप खटकन बसवला आणि लेकीचे पाय खालच्या फळीवर ठेवले. पाय फळीच्या बाहेर आले. सँडल तिनं आधीच काढून स्वतःच्या पिशवीत टाकले होते. नव्या पट्टीनं दोन्ही टाचांची सालटं निघाली होती.

"ताई, ही लहान बाळांसाठी असते," गाड्या भाड्यानं देणारा माणूस खिडकीतून म्हणाला.

"हे माझं बाळच हाय," मनिषा म्हणाली.

मागे घरची माणसं उभी होती आणि एकाचंही तोंड सरळ नव्हतं. आई मंजुळाबाईंनी तर कपाळाला हातच लावला.

"अगं मने, घोडीएवढी पोरगी ती! लोकं हसतेत की."

"हसू दे."

"आमी काय पोरं वाढवली न्हाईत? हाय का कुणाला गाडी-बिडी ठाऊक? आन् आधी सरळ उभी ऱ्हा तू. बाईमाणसानं असं कंबर काढून उभं ऱ्हाऊ न्हाई."

मनिषा सरळ झाली. डाव्या बाजूला कंबर काढून उभं राहायची तिची जुनी खोड होती आणि आईचं हे वाक्य त्या खोडीइतकंच जुनं होतं. माहेरी पाऊल टाकलं की ते एकदा तरी ऐकायला मिळायचंच.

ही सहल तिच्या धाकट्या भावाची, सोमेश्वरची. उसाच्या फडावरच्या कोयतेकऱ्याचा पोरगा तलाठी झाला, वर्षाच्या आत लग्न झालं आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं घरच्यांना गाडीत घालून घाटाखालच्या या मोठ्या पार्कात आणलं. वडील आश्रुबा गुरांपायी घरीच राहिले. मनिषाचा नवरा गहिनीनाथ केजच्या स्टँडवर जीप चालवतो, त्याला लग्नसराईत धंदा सोडवेना. मग आई, सोमेश्वर, त्याची बायको वनमाला आणि मनिषा मायलेकी, अशा पाच जणांनी रात्रभर गाडीत पाय मुडपून प्रवास केला होता. सकाळपासून पाळण्यांच्या रांगांत उभं राहून संस्कृती पायांच्या कडांवर चालायला लागली होती.

"पाय दुखतेत का?" मनिषानं विचारलं होतं.

"न्हाई," पोर म्हणाली होती आणि मामाकडे बघितलं होतं.

ते 'न्हाई' मनिषाला चांगलं ओळखीचं होतं. ती तडक खिडकीकडे निघाली होती.

"आक्का, तू तिला पांगळी करशील," सोमेश्वर आता म्हणाला. वनमालाचं माहेर बीडचं, शिकलेलं. तिच्यासमोर तो पुस्तकातल्यासारखं बोलायचा. "तिला काही झालंय का? ताप आहे? मुरगळलाय का पाय?"

"न्हाई. दमली."

"एवढंच?"

"एवढंच. आनखी काय पायजे?"

"अगं, या वयात मी फडातून अनवाणी हिंडायचो. उसाच्या खुंटांवरून. कुणी गाडी आणली होती का माझ्यासाठी?"

मनिषाच्या ओठांवर काहीतरी आलं. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली आणि गाडी पुढे ढकलली.

हे भाषण तिनं आधीही ऐकलं होतं. निकाल लागला तेव्हा बीडच्या क्लासवाल्यांनी सोमेश्वरचा सत्कार केला होता. फेटा, शाल, नारळ, मागे त्याचा फोटो. मनिषा तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होती. सोमेश्वरनं सांगितलं, ऊस तोडला की जमिनीत तिरप्या टोकाचा खुंट राहतो, तो सुरीसारखा असतो, आणि अशा खुंटांमधून अनवाणी पायांनी मी माझं बालपण चाललो. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मनिषानंही तळवे लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आता पुढच्या वाक्यात आपलं नाव येईल. पुढच्या वाक्यात क्लासच्या सरांचे आभार आले.

तो खोटं बोलला असता तर तिला एवढं लागलं नसतं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं. याला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ओझं वाहायचं आणि ओझ्यालाच त्याचा पत्ता नसावा, याला काय म्हणायचं?

गाडीची चाकं फरशीवर छान पळत होती, पण लोकांच्या नजरा मात्र अडखळत होत्या. आधी गाडीकडे बघायचे, मग बाहेर आलेल्या पायांकडे, मग मनिषाकडे. पार्कातल्या छोट्या आगगाडीच्या रांगेत पुढे उभी असलेली एक गॉगलवाली बाई तर खाली वाकली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "काही प्रॉब्लेम आहे का हो मुलीला?"

"न्हाई," मनिषा म्हणाली.

"नाही, म्हणजे... जन्मापासून?"

"जन्मापासून दोन पाय हायेत तिला. ते दुखतेत."

बाईचा मऊपणा झटक्यात गेला. तिनं मान फिरवली आणि शेजारच्या बाईशी कुजबुजायला लागली. मनिषाची कानशिलं तापली. पोरगी अधू असती तर या बाईनं डोळ्याला रुमाल लावला असता. नुसती दमलेली म्हटल्यावर ती लगेच लाडावलेली ठरली. म्हणजे लेकराचे पाय दुखतात हे खरं मानायलाही आधी त्याला रोग व्हायला पाहिजे! कुठून आणतात लोक एवढी अक्कल?

"आई," संस्कृती हळूच म्हणाली, "मी चालते ना."

"बस."

"मामा हसायलाय."

"मामाला हसू दे. तुला बसायचंय का चालायचंय ते सांग. खरं सांग."

संस्कृतीनं बराच वेळ विचार केला. "बसायचंय," ती म्हणाली. "पण तू दमशील."

लेकीचे केस मनिषानं उगाचच कानामागे सारले आणि रांग पुढे सरकली तशी गाडी पुढे घेतली.

दुपारी ऊन चढलं. कारंज्याभोवती बसायला दगडी कट्टा होता आणि खाली पाण्याचा उथळ पाट वाहत होता. तिथे झाडाची सावली धरून सगळे बसले. मंजुळाबाईंनी घरून आणलेल्या धपाट्यांचं गाठोडं सोडलं. संस्कृती दोन घास खाऊन गाडीतच मान टाकून झोपली. बाकीच्यांनी चपला काढून पाण्यात पाय सोडले. थंड पाणी पायांना लागलं तसं सोमेश्वरला बरं वाटलं, आणि बरं वाटलं की त्याला लहानपण आठवायचं.

"फडाला पाणी सोडलेलं असायचं ना," तो वनमालाला सांगायला लागला, "तेव्हा पाय असेच गार पडायचे. खुंट लागलेला कळायचाही नाही. घरी येऊन बघावं तर रक्त."

"बाई गं!" वनमाला म्हणाली. "खुणा असतील की मग. बघू."

सोमेश्वरनं मोठ्या ऐटीत उजवा पाय पाण्याबाहेर काढला. वनमाला वाकून बघायला लागली. तळवा गुळगुळीत होता. त्यानं डावा काढला. तोही तसाच.

"दिसत नाही हो काही."

"भरून आल्या असतील. लहानपणच्या जखमा त्या."

वनमालाची नजर सहज शेजारी गेली. पाण्यात मनिषाचे पाय होते. डाव्या पावलाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा काळा खड्डा होता आणि त्याच्या खाली तळव्यापर्यंत गेलेला पांढरट व्रण.

"ताई, हे कशानं झालं?"

"काही न्हाई. जुनं हाय." मनिषानं पाय मागे ओढून घेतला.

"खुंट घुसलेला तिच्या," मंजुळाबाई धपाट्याचा घास मोडता मोडता म्हणाल्या. लेकीचं कौतुक सांगावं तशा त्या बोलत होत्या. "लई गुणाची पोर. पोरगं कडंवर आन् खाली खुंट. आरपार जायचाच ऱ्हायला बघ. पण पोराला पडू दिलं न्हाई. तसंच घेऊन आली खोपीपर्यंत. आमी सांच्याला आलो तवा कळालं."

"कोणतं पोरगं?"

"कोनतं म्हंजी? ह्योच की. सोमा." मंजुळाबाईंना या प्रश्नाचं नवल वाटलं. "आमी दोगं कोयता हानायचो, मोळ्या बांधायचो. ह्याला कोन बघनार? ह्यो दिवसभर हिच्या डाव्या कडंवर."

सोमेश्वर हसला. "आई, ते अगदी तान्हा असताना. मी म्हणतोय ते नंतरचं. मला सगळं आठवतं. ते खुंट, ती सरी, बांधावरून जायची वाट."

"आठवत आसंल. वरून दिसत व्हतं की तुला सगळं." मंजुळाबाईंनी घास तोंडात टाकला. "तू कुठं खाली उतरत व्हतास? खाली ठिवला की बोंबलायचास. चांगला पाच वरसाचा झालता तरी हिच्याच कमरंला. मग गावाकडं साळंत घातला तुला, आजीजवळ. परत फडावर आलास कुठं?"

सोमेश्वरचा डावा पाय अजून पाण्याबाहेरच होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला.

"आणि तेव्हा ताई केवढ्या होत्या?" वनमालानं विचारलं. तिच्या विचारण्यात काहीच नव्हतं, कुणीही विचारावं तसं ती विचारत होती.

"ही व्हय? ही चांगली मोठी व्हती की. पैल्या सालाला ती चांगली घोडीए..."

माप दाखवायला मंजुळाबाईंचा हात वर गेला होता. त्यांची नजर इकडेतिकडे फिरली आणि समोरच्या बाबागाडीवर थांबली. गाडीत संस्कृती तोंड उघडं टाकून झोपली होती. तिचे काटकुळे पाय फळीच्या बाहेर आले होते आणि त्यांवर ऊन आलं होतं.

"तेवढी," त्या म्हणाल्या.

मग धपाटं हातात तसंच राहिलं. कारंज्याचं पाणी वर जात होतं आणि खाली पडत होतं. कुठल्याशा पाळण्यातून माणसं एकदम ओरडली. मंजुळाबाई उठल्या, गाडीजवळ गेल्या आणि पदर पसरून उन्हाच्या बाजूनं उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

"आक्के," सोमेश्वर म्हणाला. पुस्तकातलं बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं. "तू कधी बोलली न्हाईस."

"तू कधी इचारलंस?" मनिषा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण खालीही आला नाही. "सत्काराला तिसऱ्या रांगेत व्हते मी. बघितलंस बी माझ्याकडं."

सोमेश्वरनं पाण्याकडे बघितलं. वनमालानं गाठोडं बांधायला घेतलं.

संध्याकाळी बाबागाडी परत द्यायची वेळ झाली तरी संस्कृती उठली नव्हती. मनिषा पट्टा सोडायला वाकली, तर सोमेश्वर आधीच वाकलेला.

"आण. मी घेतो तिला."

"उठवते. चालंल ती."

"निजू दे की गं."

त्यानं भाचीला उचलून खांद्यावर टाकलं. मोकळी गाडी मनिषानं खिडकीत दिली आणि सगळे बाहेरच्या रस्त्याला लागले. गाड्या लावायची जागा बरीच लांब होती. सोमेश्वर आधी झपाझप चालला, मग सावकाश. मग त्यानं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, आणि थोडं पुढे गेल्यावर पुन्हा पहिल्या खांद्यावर. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"लई जड हाय गं ही," तो धापा टाकत म्हणाला.

"तू बी व्हतास," मनिषा म्हणाली.

पोरीला त्यानं जरा वर सरकवून धरलं आणि वनमालाला घेऊन गाडी आणायला पुढे गेला.

मनिषा आणि मंजुळाबाई दिव्याच्या खांबाखाली थांबल्या. सकाळपासून पहिल्यांदाच मनिषाचे हात रिकामे होते. ते कुठं ठेवावेत तिला कळेना. ती रस्त्याकडे बघत उभी राहिली आणि तिच्याही नकळत तिची कंबर डावीकडे गेली.

"मने, सरळ..." मंजुळाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"काय?"

"न्हाई काही," मंजुळाबाई म्हणाल्या. "ऱ्हा तशीच."