हॅल्कमच्या बागेत आईची रक्षा

माझी शेजारीण ॲव्हरिल हॅल्कम नावाच्या बंगल्यात जन्मली. वडील गेल्यावर थोरल्या भावाने, पियर्सने, तो बंगला बागेसकट विकला. तेव्हापासून दोघांचं भांडणाशिवाय बोलणं नव्हतं. तरी दर फेब्रुवारीत बाग लोकांना स्नोड्रॉपची फुलं बघायला खुली झाली की ॲव्हरिल जायचीच. यंदा तिचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडी घेऊन मी सोबत गेले.

जुन्या बीच झाडाखाली त्या पांढऱ्या फुलांचा नुसता गालिचा पसरला होता. वारा बोचरा. तिथे पियर्स काठी टेकून चार अनोळखी बायकांना सांगत होता, "ही सगळी माझ्या आजीने लावलेली."

"आजीने लावली आणि याने विकली," ॲव्हरिल मागून म्हणाली. "तेही सांग की त्यांना."

पियर्सने वळून पाहिलं. "आलीस? यंदा तरी तोंड आवरशील असं वाटलं होतं."

"का? तुझी बाग आहे? माझ्यासारखाच तिकीट काढून आलायस ना?"

"ॲव्हरिल, लोक बघतायत."

"बघू देत!" ती तरातरा फुलांभोवतीची दोरी ओलांडून आत शिरली, थेट त्याच्यासमोर. "चर्चच्या आवारात आईच्या नावाचा दगड आहे. त्याखाली तिची रक्षा नाहीच, हे मला पाद्रीबुवांकडून कळावं? कुठेय आई?"

पियर्स तिच्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू उभी आहेस तिथे."

ॲव्हरिलच्या तोंडचं पाणी पळालं. तिने एक पाऊल उचललं, पण ठेवणार कुठे? चहूकडे फुलंच होती.

"मला न विचारता? मुलगी होते मी तिची!"

"तिनेच सांगितलं होतं. माझी रक्षा इथे पसरताना ॲव्हरिलला बोलावू नकोस, म्हणाली. निदान तेव्हा तरी भांडण नको."

"खोटारडा!"

"तसं समज."

एवढ्यात बागेचा माणूस धावत आला. "बाई, बाहेर या, फुलं तुडवली जातायत." त्याने हात पुढे केला, तिने तो झटकला. एकेक पाऊल चाचपत ती स्वतःच बाहेर आली. पियर्सला एवढंच म्हणाली, "तू मेलास तर मला कळवू नकोस."

"बरं," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती. गावाजवळ आल्यावर एकदम म्हणाली, "तू आईला ओळखत होतीस. ती असं म्हणाली असेल?"

तिच्या आईच्या अंत्यविधीला मी गेले होते. तिथेही दहनाआधी ही दोघं शवपेटीशेजारीच कडाकडा भांडली होती. लग्नं, नाताळ, वडिलांचं आजारपण, त्यांच्या भांडणातून काहीच सुटलं नव्हतं. खोटं बोलायला जीभ वळेना.

"म्हणाली असेल," मी म्हटलं.

"गाडी थांबव."

"अगं, पाऊस येतोय, गुडघा—"

"थांबव म्हणते ना!"

मी थांबवली. दार आपटून ती उतरली आणि लंगडत रस्त्याच्या कडेने चालू लागली. मी हळूहळू तिच्या मागून गाडी नेली, दोनदा हाक मारली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. आता आमच्या दोघींच्या कुंपणाशी ती समोर आली, तर मान फिरवून आत जाते.