उखर्डूचं नाक

“उखर्डूभाऊ, वास गेला का?” मॅडमनी दाराबाहेरूनच विचारलं.

उखर्डूनं चिकटपट्टी सोलून कपाटाची काच थोडी वर केली आणि तोंड आत घातलं. डोळे चुरचुरले नाहीत. “गेला, मॅडम.”

धुळ्याच्या त्या प्रयोगशाळेत क्षयरोग्यांचे बेडके या काचेच्या कपाटात तपासत. मेकॅनिक हवेची गाळणी बदलायला यायचा, त्याच्या आदल्या दिवशी उखर्डू आत फॉर्मेलिन तापवायला ठेवून सगळ्या फटी बुजवायचा. रात्रभर वाफ कोंडली की जंतू मरत.

“भाऊंचं नाक म्हणजे सरकारी शिक्का,” टेक्निशियन धनसिंग म्हणाला.

उखर्डू हसला. नाक केव्हाच गेलं होतं, त्या वाफेनंच. कळलं तर फाटकावर राखणीला बसवतील, म्हणून तो डोळ्यांवर निभावून नेत होता. घरीसुद्धा बोलला नव्हता.

घरी भिकुबाईच्या टाचेला जखम होती, साखरेमुळे न भरणारी. वास आला की लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज संध्याकाळी पट्टी सोडून ती नवऱ्याला विचारायची, “पायले वास येस का?”

तो वाकायचा. जखम वरून सुकलेली दिसायची. “नही वं.”

ती निर्धास्त व्हायची. दवाखान्यातलं नाक घरात असताना भ्यायचं कशाला? त्यालाही दिसत होतं तेवढं पुरेसं वाटायचं.

रविवारी त्यांची लेक सुनंदा चोपड्याहून आली. उंबऱ्यातच थांबली आणि तिनं नाकाला पदर लावला. “आबा, हाऊ कसाना वास शे?”

वास तिथून येत असेल म्हणून उखर्डू मोरीकडे वळला. भिकुबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तरी विष वर चढलंच होतं. वासापायी वॉर्डातली शेजारची बाई भिंतीकडे तोंड करून निजायची. सुनंदा औषध आणायला गेली की लवकर परतायची नाही.

तेव्हा उखर्डूनं भिकुबाईला सांगितलं. “माले वासच येत नही. कईनाच बंद व्हयना. तुले खोटंच सांगं मी.”

भिकुबाईनं त्याच्याकडे मान वळवली. मग हळू म्हणाली, “बठ्ठा लोके तोंड फिरावतस. तुम्ही तरी मना जोडे बठा.”

उखर्डूनं स्टूल खाटेला भिडवलं. सुनंदानं ठेवलेला डबा तिथेच मांडीवर उघडला, आणि पहिला घास भिकुबाईच्या तोंडाशी नेला.