तिसरं बटण

सकाळी दहाला आमचा कामगार जनू चक्कर येऊन पडला, तेव्हा रिअॅक्टरजवळच्या हवेत किती गॅस होता हे फक्त माझ्या लॅबमधल्या कॉम्प्युटरला माहीत होतं. आणि तो हँग होऊन गोठला होता. सकाळचे आकडे मेमरीत होते, डिस्कवर उतरले नव्हते.

"प्लग काढा ना, शलाका मॅडम," आमचे प्लँट मॅनेजर हेमचंद्र सर म्हणाले.

"वीज गेली तर आकडे जातील, सर."

"जाऊ देत. चामटोलीहून सायकल मारत येतो, तेही उपाशी. येणारच चक्कर. रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय मी."

जनू दवाखान्यात ऑक्सिजनवर होता, आणि रिपोर्ट लिहूनही झाला होता.

अशा वेळी ऑल्ट, प्रिंटस्क्रीन आणि एस ही तीन बटणं एकत्र दाबली, की आमचं हे मशीन गोठलेलं असलं तरी बहुधा मेमरीतलं डिस्कवर उतरवतं. मी सहा वेळा दाबली. काही झालं नाही. खरेदी विभागातल्या मुकेशने उल्हासनगरहून आणलेल्या या कीबोर्डला ही तीन बटणं एकदम कळतच नाहीत. मी तीनदा लेखी तक्रार केली होती. "मॅडम, टायपिंग करता की पेटी वाजवता?" एवढंच त्याचं उत्तर.

"मीच काढतो." सर प्लगकडे वाकले.

"हात लावू नका!"

अकरा वर्षांत मी इथे आवाज चढवला नव्हता. ते तसेच थांबले.

कीबोर्डच्या आत तारांची जाळी असते. स्वस्त जाळीत दोन बटणं दाबलेली असली की कधीकधी तिसरं हरवतं. मग एका वेळी दोनच ठेवायची. मी ऑल्ट धरून ठेवलं. प्रिंटस्क्रीन दाबून सोडलं. ऑल्ट न सोडता एस दाबलं.

डिस्कचा दिवा लुकलुकला. त्याच पद्धतीने मशीन पुन्हा सुरू केलं आणि फाइल उघडली. नऊ बावन्नपासून गॅसच्या आलेखाची रेघ सरळ वर चढत गेली होती.

"हे सध्या आपल्यातच राहू दे हं," सर हळूच म्हणाले.

मी तीन प्रती छापल्या. "ही तुमच्या रिपोर्टला लावा. ही कारखाना निरीक्षकांना जाईल."

"आणि तिसरी?"

जनूची बायको विठा सकाळपासून गेटवर बसून होती. तिसरी मी तिच्या हातात दिली, रेघेवर बोट ठेवून गॅस कसा वाढत गेला ते सांगितलं. तिने कागद उलटून पाहिला.

"आता ही रेघ कोन पुसून टाकनार नाय ना, बाय?"

"नाही. पुसायला आले होते."