भैय्याजींचे तीन गडू

वाडीत ट्रकांच्या गोदामांमागे एक हॉल आहे. दर रविवारी दुपारी तिथे चपला ठेवायलाही जागा उरत नसे. नरखेडच्या संत्राबागवाल्यांपासून जरीपटक्याच्या दुकानदारांपर्यंत सगळे भैय्याजींसाठी यायचे. पांढरा सदरा, बारीक काडीचा चष्मा, ना जटा ना भस्म.

"मी कोणाले जबरदस्ती करत नाही," ते माइकवरून सांगायचे. "देवाले मानायचं का नाही, तुमी सोता निवडा. हात तुमचा, निवड तुमची!"

समोर पाटावर पितळेचे तीन गडू पालथे घातलेले. एकाखाली गोळ्यांचं रिकामं पाकीट, एकाखाली काहीच नाही, एकाखाली अंगाऱ्याची पुडी. आजारी माणसाने निवडायचं, आणि दर वेळी निघायचा अंगाराच, म्हणजे औषध सोडून देव. गडू उचलला की अख्खा हॉल "जय हो!" म्हणून ओरडायचा.

माझ्या बायकोलाही अंगाराच निघाला. त्याच दिवशी शोभाने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या.

मी गोपाळराव. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हळदीत चुना कालवून 'रक्त' काढणं वगैरे सगळ्या बाबालोकांच्या करामती मुलांना करून दाखवल्या. तेवढीच वर्षं शोभालाही समजावत आलो, आणि ती "हो, हो" म्हणत भाजी निवडत राहिली. या भामट्याने मात्र पाच मिनिटांत तिचा विश्वास जिंकला! खरं सांगतो, तिच्या तब्येतीची काळजी नंतर वाटली, आधी माझा जळफळाट झाला. भैय्याजींचं नाव घेताना तिचा आवाज कसा मऊ व्हायचा! माझ्याशी ती त्या आवाजात कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"गोळी घे वं," मी रोज म्हणायचो.

"काहून घेऊ? मी सोता निवडलं. त्यायनं गडूले हातबी नाही लावला."

"लुच्चा आहे तो!"

"तुमी जळून राहिले त्यायच्यावर."

तिने अचूक ओळखलं, म्हणून मी आणखीच भडकलो. आठवड्याभरात तिची साखर तीनशे चाळीसवर गेली, पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली. तरी ती ऐकेना.

दोन रविवार मी पहिल्या रांगेत बसून चुंबक शोधला, दोरा शोधला. काही सापडलं नाही. चडफडत घरी आलो.

मंगळवारी आमची नात उन्नती दूध नको म्हणून हट्ट धरून बसली होती. शोभाने तिला विचारलं, "गिलासात पिते का बाहुलीच्या कपात?"

"कपात!" म्हणत उन्नतीने मोठ्या ऐटीत दूध संपवलं. शोभा हसली आणि हसता हसता थबकली.

"अहो, दूध पाहिजे का नाही, हे तर मी इले विचारलंच नाही."

"मग?"

"भैय्याजीनं मले दोन गडू दाखवाले सांगतलं. मी दाखवले, तर ते बाजूले साराले लावले. 'उरला तो तुझा' म्हणे. पण शेजारच्या वंदनानं दाखवलेले दोन तर ठेवून घेतले होते!"

मी लगेच तीन वाट्या मांडल्या. अंगारा कुठे आहे हे भैय्याजींना ठाऊकच असतं. दाखवलेल्या दोनांत तो नसेल, तर ते दोन बाजूला सारायला लावायचे. असेल, तर ठेवायचे आणि म्हणायचं, "यातला एक मले दे." अंगाऱ्याचा दिला तर "हाच तुझा कौल!" दुसरा दिला तर "हा माझा, उरला तो तुझा." हात आपला, पण त्याचा अर्थ लावणार ते. सगळ्यांची नजर शेवटच्या गडूवर, म्हणून मधली लबाडी दिसत नाही. 'एका माणसाला एकच कौल' हा भैय्याजींचा नियमही त्याचसाठी होता, पुन्हा बसलं तर फरक दिसला असता. हे मला सुचायला हवं होतं, आणि सुचलं तिला. मला पुन्हा हेवा वाटला.

रविवारी मी भाषणाच्या तयारीनेच निघालो.

"तुमी चूप बसा," शोभा म्हणाली. "कौल माया होता."

हॉलमध्ये ती सरळ पाटापाशी गेली. कौलासाठी बसलेला नरखेडचा सुशील गडू दाखवायला हात उचलतच होता.

"थांब गा. भैय्याजी, आधी सांगा, यानं दाखवलेले दोन ठेवाल का साराल?"

"श्रद्धेत अटी नसतात, माय."

"अट नाही, नियम विचारून राहिली. माये सारले होते."

"मायेवाले तर ठेवले!" वंदना मागून ओरडली.

"माये सारले!" "माये ठेवले!" हॉलभर एकमेकांना विचारणं सुरू झालं. भैय्याजींना अचानक कणकण जाणवली आणि ते आत निघून गेले. सुशीलने तिन्ही गडू उताणे केले आणि रिकाम्या पाकिटावरचं गोळीचं नाव वाचू लागला.

परतताना स्कूटरवर मी म्हणालो, "मी इतकी वर्षं हेच सांगत होतो."

"सांगत होते. मले काय वाटते, हे कवा विचारलं? तुमच्या वडलायनं देव नाही म्हटलं, तुमी मानलं. मायावाल्यायनं आहे म्हटलं, मी मानलं. आपल्यापैकी निवडलं कोणं?"



म्हणून एवढंच सांगतो. 'निवड तुमची' असं कोणी म्हटलं, तर आधी नियम विचारा. तो बाबा असो, बाप असो की माझ्यासारखा नवरा. आणि न विचारता जे हातात आलं असेल, ते एकदा स्वतः तपासून पाहा.

घरी शोभाने गोळी घेतली आणि ती देव्हाऱ्यासमोर बसली. मला राहवेना.

"अजून मानते का?"

"गोळीचं ठरवलं. देवाचं ठरवून राहिली. तुमी मधात बोलू नका."

मी "हो, हो" म्हणालो आणि भाजी निवडायला बसलो.